डोंग्यावरचे बोलणे

वैनगंगेच्या आणि तिच्या खोऱ्यातील तलावांच्या पाण्यावर छोट्या नावेतून मासे धरणारी माणसे काम करता करता जे बोलतात, त्याला ती स्वतःही कामाचे बोलणे म्हणत नाहीत. गरीला काही लागले का, कालच्या पावसाने पाणी किती चढले, कोणाच्या मुलीचे कोठे जमले, धानाला यंदा बोनस मिळणार की नाही, असे एका विषयावरून दुसऱ्यावर सरकत जाणारे हे बोलणे त्रयस्थाला वेळ काढण्याचे साधन वाटते, आणि म्हणूनच मासेमारीवर लिहिणाऱ्यांनी जाळी, जाती आणि उत्पादन यांची मोजदाद केली तरी या गप्पा बहुधा नोंदीबाहेर ठेवल्या. परंतु भंडारा जिल्ह्यापुरते पाहिले तर या धंद्याचे बरेचसे ज्ञान, वाटणीचे नियम आणि वाटणीवरची भांडणे याच बोलण्यात सांभाळली गेली आहेत. त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पाणी कोणाचे आहे यावर त्या पाण्यावर बसून किती खरे बोलायचे हे ठरते. नदीवर जो माणूस एका शब्दात उत्तर देऊन गप्प होतो तोच तलावावर तासभर हिशोब सांगत बसतो.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणण्याची रीत जुनी आहे, आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होऊन नवेगावबांधसारखे मोठे तलाव तिकडे गेले तरी ती रीत मोडलेली नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांच्या आसपास जुने तलाव असून त्यांतील पुष्कळसे गोंड राजवटीत, मुख्यतः कोहळी समाजातील शेतकऱ्यांनी, धानाच्या बांध्यांना, म्हणजे शेतांना, हमखास पाणी मिळावे म्हणून बांधले. पुढे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जो मालगुजार, त्याच्या ताब्यात गावाबरोबर तलावही आला, आणि मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५१ पासून अमलात आल्यावर हे तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना आता सर्रास मामा तलाव म्हणतात. त्यांहून लहान, बहुधा एखाद्या शेतकऱ्याच्या मालकीच्या साठ्याला बोडी म्हणतात. या सर्वांच्या मधून सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा तुमसर, मोहाडी, भंडारा आणि पवनी या तालुक्यांतून वाहत जाते, आणि पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणामुळे तिच्या पाठीमागे पसरलेला जलाशय हा मासेमाराच्या वाट्याला आलेला पाण्याचा चौथा आणि सर्वांत नवा प्रकार होय.

या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम करणारा समाज म्हणजे ढिवर किंवा धीवर. महाराष्ट्रात भोई समाजाच्या गटात, भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात त्याची गणना होते. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ढीमर या नावाखाली या समाजाची जी नोंद आहे, तीत मासेमारीबरोबरच पालखी वाहणे, घरोघर पाणी भरणे आणि तळ्यात शिंगाड्याचे पीक घेणे ही कामे सांगितलेली आढळतात. यांखेरीज झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा रेशमाच्या अळ्या पाळण्याचे कामही ढिवर कुटुंबे करत आली आहेत. पालखी आणि पाणक्याचे काम गेले, परंतु एकाच कुटुंबाने वर्षातून चार धंदे करण्याची घडी राहिली. त्यामुळे मासेमाराच्या गप्पांत मासे आणि रोजचे जगणे असे दोन कप्पे पाडता येत नाहीत. पाणी किती आहे हा प्रश्न त्याला माशांसाठी जितका महत्त्वाचा तितकाच शिंगाड्याच्या वेलासाठी आणि धानाच्या रोवणीच्या मजुरीसाठीही असतो, आणि एका प्रश्नाचे उत्तर देताना तो सहज तिन्ही ठिकाणी फिरून येतो.

बोलण्याला आकार देणारी पहिली वस्तू म्हणजे नाव. येथे तिला डोंगा म्हणतात. मूळ डोंगा एकाच खोडातून कोरलेला असे, आज फळ्यांचे, पत्र्याचे आणि फायबरचेही डोंगे दिसतात, आणि ज्यांना तेही परवडत नाहीत ते फुगवलेल्या रबरी ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे लावतात. अरुंद डोंग्यात दोन माणसे दोन टोकांना असतात, एक बांबू किंवा वल्हे सांभाळतो आणि दुसरा जाळे सोडतो किंवा गरीची दोरी धरतो. तोल जाऊ नये म्हणून कोणी फारसे वळून पाहत नाही आणि बोलणे बहुतेक वेळा समोरच्याच्या पाठीशी होते. बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नसल्याने घरात किंवा चावडीवर अवघड जाणाऱ्या गोष्टी, जसे उसनवारी, मुलाचे व्यसन किंवा भावाभावांतील वाटणी, येथे तुलनेने सोप्या होतात, असे म्हणण्यास जागा आहे.

आवाजाने मासे पळतात, तेव्हा मासेमार मौन पाळत असतील, ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. हवेतून पाण्याच्या पृष्ठभागावर येणारा आवाज जवळजवळ सगळाच परावर्तित होतो, त्यामुळे साध्या स्वरातील बोलणे खाली फारसे पोचत नाही. उलट वल्हे डोंग्याच्या काठावर आपटले किंवा तळाशी ठेवलेला डबा कलंडला, तर तो धक्का लाकडातून थेट पाण्यात उतरतो आणि पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक असल्याने क्षणात सभोवार पसरतो. रोहू, कतला, मृगळ हे मासे आणि मांगुरासारखे मिशाळ मासे यांच्या बाबतीत तर पोटातील हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, जिचे वर्णन जर्मन शास्त्रज्ञ वेबर याने १८२० साली केले. या साखळीमुळे त्यांना इतर पुष्कळ माशांपेक्षा चांगले ऐकू येते. ढिवराला वेबर ठाऊक असण्याची गरज नाही, कारण नियम त्याच्या हाताला ठाऊक आहे: तो बोलतो, पण वल्हे काठाला लागू देत नाही. तरंगते जाळे लावून झाल्यावर मात्र तोच माणूस मुद्दाम पाणी बडवतो आणि डोंगा ठोकतो, म्हणजे दचकलेले मासे जाळ्याच्या दिशेने धावतात.

मासेमारांच्या बोलण्याकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम वळवणाऱ्यांत ब्रॉनिस्लाव मालिनोवस्की या मानवशास्त्रज्ञाचे नाव घ्यावे लागते. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर पहिल्या महायुद्धाच्या काळात राहून त्याने उथळ समुद्रात होड्यांनी माशांचा थवा घेरणाऱ्या लोकांचे बोलणे टिपले, आणि १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असे मांडले की अशा वेळी शब्द हे विचार कळवण्याचे साधन नसून जाळे ओढण्यासारखीच एक कृती असते; एखाद्या शब्दाचा अर्थ त्याने पुढे काय घडते यावर कळतो. त्याच निबंधात त्याने दुसऱ्या एका प्रकारच्या बोलण्याकडेही लक्ष वेधले, ज्यात माहिती देण्याघेण्याचा हेतू नसतो आणि केवळ सोबतीचे बंध घट्ट होतात, जसे हवापाण्याची किंवा ख्यालीखुशालीची विचारपूस. हे दोन प्रकार कागदावर स्वच्छ वेगळे दिसतात, वैनगंगेवर मात्र ते एकमेकांत मिसळतात. “आभाळ दाटले आहे” हे वाक्य शहरात सोबतीचे बोलणे ठरेल. तलावावर पहाटे ते उच्चारले गेले तर त्याचा अर्थ निराळा होतो. पाण्यातील वनस्पती रात्री प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात, आणि ढगाळ हवामानात दिवसाही त्यांची निर्मिती मंदावते. अशा सलग ढगाळ दिवसांनंतर पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. तेव्हा आभाळाची गोष्ट काढणारा माणूस खरे तर तलावातले मासे मरतील का, आजच जाळे ओढावे का, हा प्रश्न सोबत्यापुढे ठेवत असतो.

नदीवरील बोलण्याचा पहिला नियम म्हणजे कमी सांगणे. दोन डोंगे एकमेकांजवळून जाताना “का गा, लागला का काही?” असा प्रश्न हमखास होतो आणि “भाजीपुरते” हे त्याचे ठरलेले उत्तर येते, मग टोपलीत दोन मासे असोत की दहा किलो. विचारणाऱ्यालाही खऱ्या आकड्याची अपेक्षा नसते. तो उत्तराचा सूर, डोंगा पाण्यात किती बसला आहे आणि तो कोणत्या बाजूने येत आहे हे पाहून आपला अंदाज बांधतो. नदी कोणा एकाची नसते, डोहातला मासा ज्याच्या जाळ्यात आला त्याचा, आणि जागा एकदा दहा जणांना कळली की ती आठवड्यात रिकामी होते. तेव्हा जागेविषयी गुळमुळीत बोलणे हा तेथे खोटेपणा मानला जात नाही. ही मुभा मात्र जागा आणि वजन यांपुरतीच असते. पाण्याखाली अडकलेले झाड, नव्याने पडलेली खोल कपार, वाळू उपसल्याने जेथे कालपर्यंत गुडघाभर पाणी होते तेथे झालेला खड्डा, यांविषयी न सांगणारा माणूस निंदेला पात्र ठरतो, कारण तेथे प्रश्न माशाचा नसून जिवाचा असतो. लपवण्याचे आणि न लपवण्याचे हे दोन नियम शेजारीशेजारी नांदतात, आणि नवख्याला ते वेगवेगळे ओळखता येईपर्यंत त्याचे बोलणे खुळचट ठरते.

तलावावर सगळे चित्र पालटते. मामा तलावातील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्था घेते, ठेक्याची रक्कम भरते, मत्स्यबीज विकत आणून सोडते आणि पुढे सभासद मिळून मोठे जाळे ओढतात. आलेल्या मालातून खर्च वजा करून वाटे पडतात. मासा कोठे आहे हे लपवण्यात येथे कोणाचाच फायदा नाही, कारण मासा सर्वांचा आहे. लपवण्याजोगी गोष्ट असते ती हिशोबाची, आणि म्हणून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसून चालणाऱ्या गप्पा वजनकाटा, व्यापाऱ्याची उधारी, बियाणे मोजून घेतले की नाही आणि अध्यक्षाने कोणाला विचारून माल दिला याभोवती फिरतात. सामाईक साधनांवरील अभ्यासासाठी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आपल्या १९९० च्या ग्रंथात तुर्कस्तानातील अलान्या येथील छोट्या नावांच्या मासेमारांचे उदाहरण दिले आहे: ते दर सप्टेंबरला मासेमारीच्या ठरलेल्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकतात आणि मग प्रत्येक नाव रोज एकेक जागा पुढे सरकते, त्यामुळे चांगली जागा सर्वांना आळीपाळीने मिळते. नियम मोडणाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी तेथे वेगळा शिपाई लागत नाही, कारण ज्याची पाळी आहे तोच सर्वांत जागरूक असतो. भंडाऱ्याच्या तलावांत चिठ्ठ्यांची अशी पद्धत नसली तरी देखरेखीचे तत्त्व तेच आहे, आणि ती देखरेख प्रामुख्याने कुजबुजीतून होते. कोण रात्री एकटाच डोंगा घेऊन गेला ही बातमी सभेत येण्याआधी पाळीवर पोचलेली असते.

तलावावरचे बोलणे असे हिशोबी होण्यामागे एक शास्त्रीय शोधही आहे, ज्याचा येथे उल्लेख क्वचितच होतो. रोहू, कतला आणि मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात वाढतात पण तेथे अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते, त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. बीज केंद्रावर तयार होऊ लागल्यावर तलाव पेरता येऊ लागला. नुकत्याच जन्मलेल्या पिलांना मत्स्यजिरे आणि बोटाएवढ्या झालेल्यांना बोटुकली म्हणतात. हे शब्द, आणि त्यांच्याबरोबर दर, नग, मरतूक, अनुदान हे शब्दही, मासेमाराच्या रोजच्या भाषेत आले. जो मासा पूर्वी पावसाने आणला आणि नशिबाने मिळाला असे म्हटले जाई, तो आता कोणीतरी पैसे देऊन सोडलेला असतो, आणि पैसे देऊन सोडलेल्या माशाविषयी कोणीही “भाजीपुरते” असे म्हणून सुटू शकत नाही.

या बदलात जे मागे पडले ते स्थानिक मासे: मरळ, देशी मांगूर, सिंघी, वाम आणि कितीतरी बारीक जाती, ज्यांना झाडीबोलीत सरसकट मासोऱ्या म्हणतात. त्यांच्याविषयीचे ज्ञान पुस्तकातून येत नाही, आणि वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी माशांविषयी जे लिहिले त्याचा मोठा आधार ढिवरांशी झालेली बोलणी हाच होता. मरळीचे उदाहरण घ्यावे. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, आणि विणीनंतर नर व मादी तांबूस पिलांच्या थव्याभोवती पहारा करतात. एरवी सावध असणारी मरळ या दिवसांत थव्याजवळ आलेल्या कशावरही धावून जाते, त्यामुळे तिला गरीवर घेणे फार सोपे होते. सोपे असल्यामुळेच ते करावे की नाही यावर मतभेद होतात: पालक गेले तर पिले इतर माशांच्या तोंडी जातात हे एकाचे म्हणणे, तर आपण सोडली तर दुसरा नेईल हे दुसऱ्याचे. संवर्धनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ज्या प्रश्नाला प्रकरण दिले जाईल तो प्रश्न येथे विड्या ओढताना, आवाज न चढवता, वर्षानुवर्षे चघळला जातो. अर्जुनी मोरगाव येथून काम करणाऱ्या मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने या ज्ञानाला कामाला लावले, आणि ढिवरांच्या संस्थांबरोबर तलावांतील स्थानिक मासे व पाणवनस्पती यांच्या याद्या करणे, काठाला माजलेले बेशरमीचे झुडूप उपटणे आणि माशांना अंडी घालण्यासाठी व खाण्यासाठी लागणाऱ्या पाणवनस्पती पुन्हा लावणे अशी कामे हाती घेतली. कोणत्या गवतात कोणता मासा राहतो हे आधी लोकांच्या बोलण्यातच होते, ते प्रथम ऐकून घ्यावे लागले.

पावसाच्या तोंडावर गप्पांना वेगळाच रंग चढतो. ७ किंवा ८ जूनला मृग नक्षत्र लागले की पहिल्या मोठ्या पावसाने नाले वाहू लागतात आणि गाभोळी धरलेले मासे, म्हणजे पोटात अंडी असलेल्या माद्या, प्रवाहाच्या उलट दिशेने उथळ पाण्यात आणि थेट धानाच्या बांध्यांत चढतात. नेमकी याच सुमारास पऱ्हे टाकण्याची, म्हणजे धानाची रोपे तयार करण्याची, आणि पुढे रोवणीची घाई असते, आणि रोवणीत ढिवर स्त्रियांचा मोठा सहभाग असल्याने कुटुंबाला रोजची मजुरी आणि फुकटचे मासे यांत निवड करावी लागते. नक्षत्रांवरून होणारे पावसाचे भाकीत हवामान खात्याच्या कसोटीला कितपत उतरेल हा भाग वेगळा. नक्षत्राच्या नावाने सुरू झालेले बोलणे कोण कोणाच्या बांधीवर जाणार, किती रोज मिळणार आणि पोरांची शाळा सुरू होते तेव्हा वह्यांचे पैसे कोठून येणार येथपर्यंत पोचते, हे अधिक महत्त्वाचे.

नदीवरच्या गप्पांत मात्र गेल्या काही दशकांत नक्षत्रांची जागा दरवाजांनी घेतली आहे. गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. ३३ दरवाजांच्या या धरणाच्या जलाशयाने गावे आणि शेते उठवली, आणि वाहत्या नदीतील डोह, धार, वाळूचे पट्टे यांची जी नावे जुन्या मासेमारांच्या जिभेवर होती, ती पाण्याखालच्या जागांची नावे झाली. वरच्या अंगाला मध्य प्रदेशातील संजय सरोवर, धापेवाड्याचा बंधारा, तसेच पेंचवरील तोतलाडोह येथून पाणी सोडले की काही तासांनी भंडाऱ्यात नदी फुगते. २०२० च्या ऑगस्टअखेर आलेल्या महापुरात भंडारा शहराचे कित्येक भाग पाण्याखाली गेले, आणि तेव्हापासून किती दरवाजे किती उघडले ही चौकशी मासेमाराच्या दिवसाची सुरुवात झाली आहे. दुसरा विषय घाणीचा. नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेत येते, जलाशयात साठलेल्या या सकस पाण्यावर जलपर्णी माजते, तिच्या गालिच्यात डोंगा अडकतो, जाळे फाटते आणि खालच्या पाण्यातील प्राणवायू घटतो. नदीवरील जागांबाबत गुप्तता पाळणारे मासेमार या एका विषयावर सर्वांपुढे मोकळेपणाने आणि रागाने बोलतात, कारण यात कोणाचाही वैयक्तिक फायदा अडकलेला नसतो.

पाण्यावरचे बोलणे पुरुषांचे असले तरी किंमत ठरते ती स्त्रियांच्या बोलण्यात, कारण मासे विकण्याचे काम पूर्वापार त्यांच्याकडे आहे. टोपली घेऊन गावोगाव किंवा आठवडी बाजारात बसणाऱ्या विक्रेतीला कोणत्या घरी श्राद्ध, कोठे पाहुणे, कोणाचा उपवास, कोणाची उधारी थकली हे सर्व माहीत असते, आणि उरलेला माल सुकवून त्याची सुक्सी करायची की पडत्या भावाने द्यायचा हा निर्णय ती त्या माहितीवर घेते. बाजारात तिचे भांडण सध्या एका परक्या माशाशीही आहे: केंद्र सरकारने २००० साली बंदी घातलेला आफ्रिकन मांगूर बाजारात थाई मांगूर म्हणून स्वस्तात येतो आणि देशी मांगुराचा भाव पाडतो, शिवाय ग्राहकाला दोन्हींतला फरक पटवून देण्यात तिचा निम्मा वेळ जातो. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ नंतर मोबाइल आल्यावर मासेमारांनी समुद्रातूनच बंदरांचे भाव विचारायला सुरुवात केली, भावांतील तफावत घटली आणि माल फेकून देण्याची वेळ जवळजवळ संपली, असे रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ च्या गाजलेल्या निबंधात दाखवले. भंडाऱ्यात मोबाइल आला पण परिणाम तसा झाला नाही, आणि त्याचे कारण उघड आहे: येथे माल थोडा, गिऱ्हाईक ओळखीचे आणि बाजार चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे फोनवरून भावापेक्षा धरणाच्या दरवाजांची बातमी अधिक येते. मासेमार संस्थांच्या सभांत पूर्वी स्त्रियांना स्थान नव्हते. त्या बाबतीत राजनकर यांच्या मंडळाच्या परिसरातील ढिवर स्त्रियांनी गट बांधून ग्रामसभेत आणि तलावाच्या कामात जो हक्क मागितला, त्यामुळे बाजारातले हे ज्ञान आता निर्णयाच्या जागीही ऐकावे लागते.

या सर्व गप्पांची भाषा झाडीबोली आहे, जिचा शब्दसंग्रह साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी परिश्रमपूर्वक गोळा केला. तिच्यात वडीलधाऱ्याला ‘जी’ आणि बरोबरीच्याला ‘गा’ लावून बोलतात, आणि दोन डोंग्यांमधील अंतरावरून हाक मारतानाही हा भेद चुकत नाही. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईचे, म्हणजे दंडार आणि खडी गंमत होणाऱ्या जत्रांचे, दिवस आले की माशांचा विषय मागे पडतो आणि सोयरिकी पुढे येतात, कारण मंडईला आलेल्या पाहुण्यांतच मुलामुलींची पाहणी होते. तरुणांच्या तोंडी वरठीचा पोलाद कारखाना, जवाहरनगरची आयुध निर्माणी, गडेगावचा अशोक लेलँड, पोलीस भरती हे विषय असतात. डोंगा चालवता येणारी मुले पुष्कळ आहेत, डोंग्यावर पोट भरावे असे वाटणारी थोडी.

तरीही ही मुले सुट्टीला आली की गरी घेऊन तलावावर जातात, आणि त्यातून एक नवाच वाद उभा राहिला आहे. अनेक संस्थांची आजवरची समजूत अशी की, सोडलेला मासा संस्थेचा आणि आपोआप वाढलेली बारीक मासोळी ज्याने धरली त्याची. गांडूळ लावलेल्या साध्या गरीला बहुधा दुसऱ्या प्रकारचे मासेच लागत, त्यामुळे ही समजूत कोणाला लिहून ठेवावी लागली नाही. आता बाजारात मिळणारी फिरकीची काठी आणि सुवासिक कणकेचा गोळा घेऊन बसलेल्या मुलाला तीन किलोचा कतला लागतो. तो सभासदाचा मुलगा आहे, पण स्वतः सभासद नाही. मासा त्याने धरला, पण बोटुकली संस्थेने सोडली होती. काहींच्या मते अशा माशाचे वजन वडिलांच्या वाट्यातून कापावे, काही म्हणतात की गरीसाठी वेगळी पावती फाडावी, आणि जुन्यांपैकी काहींचे म्हणणे असे की एका कतल्यासाठी घरच्या पोराला पावती मागणे शोभत नाही, मात्र गावाबाहेरच्या हौशी मंडळींकडून ती घ्यावी. ठेक्याच्या करारात गरीचा उल्लेख नसेल तेथे हा निवाडा तूर्त पाळीवरच होतो.